रियाज सुटतो तेव्हा : तबला शिकणाऱ्या एका प्रौढ विद्यार्थ्याचं प्रकरण

या प्रकरणातले विद्यार्थी ४२ वर्षांचे आहेत. लहानपणी काही वर्षं तबला शिकले, पुढे अभ्यासाच्या धबडग्यात तो सुटला आणि मधली वीस-बावीस वर्षं हात लागला नाही. नोकरी दिवसभर संगणकासमोर बसायची, घरी शाळकरी मुलगी. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी पुन्हा शिकायचं ठरवलं आणि माझ्याकडे येऊ लागले. त्यांच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. वाजवण्याचे तपशील मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण या प्रकरणाची उकल त्या तपशिलांतूनच झाली.

तक्रार नेहमीचीच होती : "ताई, मला मनापासून वाजवायचंय, पण घरी बसवतच नाही." गाणारे, सतारिये, गिटार शिकणारी तरुण मुलं, सगळ्यांकडून हे ऐकायला मिळतं. त्यावर उत्तरंही ठरलेली असतात. वेळापत्रक करा, निश्चय करा, चिकाटी ठेवा. या गृहस्थांनी हे सगळं आधीच करून पाहिलं होतं आणि तरीही रियाज बंद पडला होता. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं.

आधी काय घडलं होतं

सुरुवात जोरात झाली होती. रोज सकाळी सहाला उठून एक तास. फोनमध्ये एक ॲप, त्यात सलग किती दिवस रियाज झाला त्याचा आकडा. शिवाय स्वतःशीच एक बोली : ५०० तास पूर्ण झाले की तबल्याची नवी जोडी घ्यायची. पहिला दीड महिना सगळं सुरळीत चाललं. मग तासाचे पन्नास मिनिटं झाले, पन्नासाचे तीस. एकदा कामासाठी चार दिवस बाहेरगावी जावं लागलं. परत आले तेव्हा ॲपमधला आकडा शून्यावर आलेला. त्यानंतर दोन महिने तबला बॅगेतून बाहेरच निघाला नाही.

या काळात त्यांनी माझा एकही तास चुकवला नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. ज्याचं मन वाद्यावरून उडालं आहे तो माणूस आधी क्लास चुकवायला लागतो. हे मात्र वेळेवर यायचे, चाळीस मिनिटं वाजवायचे, घड्याळाकडे एकदाही बघायचे नाहीत आणि जाताना चेहरा फुललेला असायचा. म्हणजे माणूस तोच, कायदा (तबल्यावर विस्तार करत वाजवायची ठरावीक बोलांची रचना) तोच, वाद्यही तसंच. क्लासमध्ये आनंद आणि घरी कंटाळा.

त्यांचं स्वतःचं निदान होतं, "माझ्यात चिकाटीच नाही." मला ते अजिबात पटलं नाही. चिकाटी नसलेला माणूस चाळिशीनंतर पुन्हा मांडी घालून 'धा' कसा काढायचा हे शिकायला येत नाही. फरक असलाच तर तो घरच्या बैठकीत होता. त्या बैठकीत नेमकं काय होतं हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. म्हणून मी एक काम दिलं : घरी एकदा नेहमीसारखा रियाज करा, फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला रेकॉर्डिंगवर ठेवा आणि मधलं काहीही न कापता सगळं माझ्याकडे पाठवा. विशेष तयारी करायची नाही, मला ऐकवण्यासाठी वाजवायचं नाही.

रेकॉर्डिंगमध्ये काय ऐकू आलं

रेकॉर्डिंग ५२ मिनिटांचं होतं. मी कागद-पेन्सिल घेऊन ते पूर्ण ऐकलं आणि कोणत्या मिनिटाला काय चाललंय ते लिहीत गेले. शिकवणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी आपल्या विद्यार्थ्याचा घरचा रियाज असा ऐकावा. क्लासमध्ये आपल्याला जे दिसतं ते फार थोडं असतं.

पहिली ११ मिनिटं तयारीत गेली. बॅग उघडणं, चुंबळ लावणं, तबला उतरला होता म्हणून हातोडी शोधून तो सुरात आणणं, मग फोनमध्ये लेहरा, म्हणजे ताल धरायला सोबत पुन्हा पुन्हा वाजणारी धून, शोधणं. वाजवायला सुरुवात होईपर्यंत उत्साहातला पहिला वाटा संपलेला.

त्यानंतर कायदा. 'धाधा तिरकिट धाधा तूना, ताता तिरकिट धाधा धीना' हा दिल्ली अंगाचा, बहुतेकांना सुरुवातीच्या काळात शिकवला जाणारा कायदा. मुख म्हणजे मूळ रचना, मग तिचेच बोल उलटसुलट फिरवून केलेला पहिला पलटा, दुसरा पलटा. मिनिटाला ७० मात्रांच्या, म्हणजे तालाच्या ठोक्यांच्या, लयीत छान. ९० ला छान. मग लय थेट ११० वर नेली आणि तिसऱ्या पलट्यात गाडं अडलं. थांबले, एक 'च्च' ऐकू आलं, आणि पुन्हा मुखापासून सुरुवात. पुन्हा तिसऱ्या पलट्यात अडले. पुन्हा मुखापासून. हे वीसहून अधिक वेळा झालं, सलग अर्ध्या तासाहून जास्त वेळ.

आता हिशेब बघा. ११० च्या लयीत एक मात्रा साधारण अर्ध्या सेकंदाची. त्यांची अडचण होती ती एक-दोन मात्रांमधली. तिथे पोचायला प्रत्येक वेळी मुख आणि दोन पलटे वाजवून यायचं, आणि हे दोन्ही पलटे त्यांना व्यवस्थित येत होते. अर्ध्या तासाच्या मेहनतीत खऱ्या अडचणीच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट आलं असेल. बाकीचा सगळा वेळ जे येतं तेच पुन्हा वाजवण्यात आणि जे येत नाही त्यावर आदळण्यात गेला. तिथे पोचेपर्यंत लक्षही ढिलं पडलेलं असायचं, कारण आधीचं सगळं हाताच्या सवयीने होत होतं.

मला सर्वांत जास्त खटकला तो शेवट. बावन्नाव्या मिनिटाला ते पुन्हा एकदा तिथेच अडले, दोन-तीन सेकंद शांतता, आणि मग थेट बॅगेच्या चेनचा आवाज. रोजच्या रियाजाची शेवटची आठवण म्हणजे न जमलेला पलटा. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गजर वाजतो तेव्हा मनात तोच पलटा असणार. अशा जागी परत जायला पाय उचलत नाहीत, यात आळस कुठे आला?

आणि पूर्ण ५२ मिनिटांत त्यांनी एकदाही निव्वळ आनंदासाठी काही वाजवलं नव्हतं. क्लासमध्ये शेवटची दहा मिनिटं आम्ही लेहऱ्यावर नुसता तीनतालाचा ठेका, म्हणजे त्या तालाचे मूळ बोल, वाजवतो, विलंबितपासून मध्यलयीपर्यंत. त्यांना ती सगळ्यात आवडतात. घरी मात्र ती दहा मिनिटं त्यांनी कधी घेतलीच नाहीत. विचारलं तर म्हणाले, "ताई, ठेका तर येतोच. रियाजाच्या वेळेत तो वाजवणं म्हणजे वेळ वाया घालवणं नाही का?"

टेक्सास विद्यापीठातले रॉबर्ट ड्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास इथे आठवतो. पियानोच्या १७ प्रगत विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या एका कॉन्चेर्तोमधला छोटा, अवघड तुकडा सरावाला दिला आणि दुसऱ्या दिवशी तो वाजवून घेतला. कोण किती वेळ बसला किंवा कोणी तो किती वेळा वाजवला, यावरून दुसऱ्या दिवशीचा दर्जा ठरला नाही. जे उत्तम वाजवू शकले ते चूक झाल्या झाल्या तिची जागा नेमकी हेरत होते, लय कमी करून तेवढाच भाग सुधारत होते आणि तो नीट बसल्यावरच पुढे जात होते. चुका त्यांच्याही झाल्या होत्या. चुकीच्या पुनरावृत्त्या मात्र त्यांनी होऊ दिल्या नाहीत. आमच्या गृहस्थांच्या ५२ मिनिटांत नेमकं याच्या उलट चाललं होतं.

एक 'कि'

पुढच्या तासाला मी त्यांना तिसरा पलटा ६० च्या लयीत वाजवायला सांगितला आणि नजर फक्त डाव्या हातावर ठेवली. या पलट्यात दोन 'तिरकिट' एकामागोमाग येतात. 'तिरकिट'मधला 'कि' डग्ग्यावर, म्हणजे जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्यावर, सपाट पंजाने वाजतो, गुंज न काढता, बंद. त्यांचा पहिला 'कि' बरोबर पडत होता, पण तो वाजला की हात चार बोटं वर उचलला जात होता. संथ लयीत त्याला खाली यायला वेळ मिळायचा. ११० ला दुसरा 'कि' केसभर उशिरा पडायचा, मग उजव्या हाताचा 'ट' त्याला गाठण्यासाठी घाई करायचा आणि सगळा पलटा विस्कटायचा. त्यांची समजूत अशी की उजव्या हाताची बोटं कमी पडतात. महिनोन् महिने मेहनत उजव्या हातावर चालली होती.

मी त्यांना काय करायला सांगितलं ते लिहिते. उजवा हात मांडीवर ठेवायचा. तोंडाने 'तिरकिट तिरकिट' म्हणायचं आणि फक्त 'कि' डाव्या हाताने वाजवायचा. मनगट डग्ग्यावर टेकलेलं, पंजा एका बोटाहून वर जाऊ द्यायचा नाही. दोन्ही 'कि'चा आवाज सारखा येतो का ते ऐकायचं. तो सारखा आला की उजवा हात जोडायचा, तोही मुखापासून न घेता दुसऱ्या 'कि'पासून : 'किट धा'. मग एक बोल मागे सरकून 'रकिट धा'. मग 'तिरकिट धा'. शेवटून सुरुवातीकडे.

चार-पाच दिवसांनी क्लासमध्ये ८० च्या लयीत वाजवताना ते मध्येच थांबले. "ताई, ऐकलंत? दोन्ही सारखे आले." मी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतः ते ऐकलं होतं. लय अजून ११० च्या जवळपासही नव्हती, तरी त्यांच्या आवाजात जो आनंद होता तो पहिल्या दीड महिन्याच्या सकाळच्या तासांत त्यांना मिळाला नव्हता.

या प्रकरणातून मला जे सांगायचं आहे ते हेच. रियाजाची गोडी टिकते ती आजच्या बैठकीत काहीतरी बदललं हे आपल्याच कानाला कळलं म्हणून. बदल कितीही लहान असो, एका 'कि'एवढा का असेना, तो ऐकू यायला हवा. तो ऐकू येण्यासाठी बैठकीला एक छोटा, नेमका प्रश्न लागतो. "आज कायदा पक्का करू" हा प्रश्न होत नाही. "दुसरा 'कि' पहिल्यासारखा येतो का" हा होतो. त्याचं उत्तर दहा मिनिटांत कान देऊ शकतो.

बैठक कशी बदलली

तासाचा आग्रह मी काढून टाकला आणि २५ मिनिटं ठरवली. त्यांना ते कमी वाटलं. माझं म्हणणं इतकंच होतं की पूर्ण लक्ष देऊन केलेली २५ मिनिटं आधी जमू देत, मग वाढवू. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांवरचा जो गाजलेला अभ्यास मांडला, त्यातून लोकांनी फक्त तासांचा आकडा उचलला. त्याच अभ्यासात हेही होतं की उत्तम वादकही सराव तुकड्यातुकड्यांत करत, मध्ये विश्रांती घेत, आणि एकट्याने करायचा सराव उपयोगाचा म्हणून वरचा मानत असले तरी आनंददायक म्हणून तितका वरचा मानत नव्हते. म्हणजे नेटाचा सराव मुळात थकवणारा असतो, हे मान्य करूनच आखणी करावी लागते. थकवणारा भाग छोटा ठेवायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संगीत ठेवायचं, अशी आमची आखणी होती.

पहिली पाच मिनिटं लेहऱ्यावर ठेका. हात गरम होतो, कान जागा होतो, आणि बसल्या बसल्या पहिली गोष्ट जमलेली असते. मधली बारा मिनिटं त्या दिवसाचा एकच प्रश्न. उरलेल्या वेळात जे उत्तम येतं ते, सोयीच्या लयीत, मन भरेपर्यंत. नियम एकच : मधला भाग जमो न जमो, शेवटचा भाग सोडायचा नाही. न जमलेल्या जागेवर तबला बंद करायचा नाही.

तबला बॅगेतून कायमचा बाहेर काढला. खोलीच्या एका कोपऱ्यात चुंबळीवर, वर नुसतं एक कापड. हातोडी आणि पावडरचा डबा शेजारी. लेहरा फोनमध्ये आधीच लावून ठेवलेला. एवढ्याने ११ मिनिटांची तयारी दोनवर आली. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण दिवसभराच्या कामानंतर माणूस ज्या क्षणी "बसू का नको" असा घुटमळतो, त्या क्षणी उघडा ठेवलेला तबला आणि कपाटावरची बॅग यांत फार मोठं अंतर असतं. वेळही बदलली. सकाळी सहा ही त्यांची वेळ नव्हतीच, कुठेतरी ऐकलं होतं म्हणून घेतलेली. संध्याकाळी घरी आल्यावर हातपाय धुतले की लगेच, हे त्यांना मानवलं. एका ठरलेल्या कामाला जोडून दुसरं काम ठेवलं की ते आठवावं लागत नाही.

तासांची वही बंद केली. त्याऐवजी रोज एक ओळ : आज कानाला काय वेगळं ऐकू आलं. त्यांच्या वहीतल्या काही ओळी त्यांनी मला दाखवल्या. "दुसरा 'कि' ७५ ला सारखा, ८५ ला नाही." "खालीला डग्गा चुकून वाजतोय." (खाली म्हणजे तालात टाळी न देता हात मोकळा दाखवायची जागा.) "आज काही ऐकू आलं नाही, पण ठेका छान लागला." तिसऱ्या प्रकारच्या ओळी मला जास्त आवडल्या, कारण अशा दिवशीही ते बसले होते आणि खरं तेच लिहिलं होतं.

५०० तासांनंतरच्या नव्या जोडीची बोलीही मी मोडायला सांगितली. त्यावर ते थोडे नाराज झाले. मी त्यांना एक प्रयोग सांगितला. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला होता. बालवाडीतली जी मुलं रंगीत पेनांनी आपणहून चित्रं काढायची, त्यांतल्या काहींना "चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल" असं आधी सांगितलं. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत पाहिलं, तर ही मुलं इतरांच्या निम्म्याच्या आसपासच वेळ चित्रांत घालवत होती. जे खेळ म्हणून करत होती, ते मोबदल्यासाठी करायचं काम झालं. आमच्या विद्यार्थ्यांनाही मिनिटं मोजता मोजता हेच झालं होतं. रेकॉर्डिंगमध्ये एका जागी ते स्वतःशी पुटपुटतात, "अजून अठरा मिनिटं." जोडी घ्यायची तर खुशाल घ्या, म्हटलं, पण आवाज आवडला म्हणून घ्या.

खंड पडला तेव्हा

तिसऱ्या महिन्यात मुलगी आजारी पडली आणि नऊ दिवस तबल्याला हात लागला नाही. याच टप्प्यावर मागच्या वेळी सगळं कोसळलं होतं, म्हणून या वेळची तयारी आम्ही आधीच करून ठेवली होती.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी रोजच्या सवयी कशा लागतात ते तपासलं. २०१० मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात ९६ जण होते. सवय अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या वाटचालीत फारसा फरक पडला नाही. त्या सवयी खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या, संगीताच्या नव्हत्या, तरी सलग दिवसांच्या साखळीचा धाक निरर्थक आहे एवढं त्यातून कळतं. ॲपमधल्या शून्याने त्यांना जी शिक्षा दिली होती ती कुणीच देण्याची गरज नव्हती.

आम्ही ठरवलं होतं ते असं. वाद्यावर बसता येत नसेल त्या दिवशी पढंत. तोंडाने बोल म्हणायचे, हाताने टाळी-खाली द्यायची, दोन मिनिटंही चालतील. रुग्णालयाच्या बाकावर बसून त्यांनी हलक्या आवाजात कायदा म्हटला, असं त्यांनी नंतर सांगितलं. तेही जमलं नाही असे दिवस होते. आणि खंड पडल्यानंतरच्या पहिल्या बैठकीत नवीन काहीही करायचं नाही, फक्त ठेका, दहा मिनिटं, आणि उठायचं. राहून गेलेलं भरून काढायचा प्रयत्न करायचा नाही. परत आल्यावर दोन-दोन तास बसून भरपाई करायला गेलेले कितीतरी जण पुन्हा सुटलेले मी पाहिले आहेत. हे परतले आणि टिकले.

साथीला बसल्यावर

इथपर्यंत रोजचा प्रश्न मी देत होते. मला याचीच काळजी होती, कारण दुसऱ्याने दिलेला प्रश्न काही काळच पुरतो. माझ्या ओळखीच्या एक गायिका आहेत, त्याही नोकरी सांभाळून शिकणाऱ्या, आणि त्यांना छोट्या ख्यालांच्या सरावासाठी तबल्याची साथ हवी होती. मी दोघांची गाठ घालून दिली. आमचे विद्यार्थी एकदम मागे सरले. "अजून माझी तयारी नाही. कायदासुद्धा धड होत नाही." मी त्यांना समजावलं की गायिकेला कायदा नकोच आहे. तीनताल, झपताल आणि एकताल यांचे ठेके हवे आहेत, आणि तेवढे तुम्हाला येतात.

पहिल्या बैठकीला मी हजर होते. मध्यलय तीनतालात बंदिश सुरू झाली. पाच-सहा आवर्तनांतच, म्हणजे तालाच्या फेऱ्यांतच, लय वाढत गेली. गायिका मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) घेऊन समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायच्या आणि समेची 'धा' त्यांच्या आधी पडलेली असायची. त्या गात गात नुसत्या हसल्या आणि हाताने खूण केली : सावकाश. मग दुसरी गोष्ट घडली. नवव्या मात्रेपासून सुरू होणाऱ्या खालीच्या भागात 'तिं' आले की डग्ग्याची गुंज बंद व्हायला हवी, पण यांच्या हाताला 'धिं'ची इतकी सवय की 'तिं'च्या जागीही डग्गा घुमत होता. खाली ऐकू येईना, म्हणून गायिकेला आवर्तनात आपण कुठे आहोत ते कळेना. एकदा त्या चक्क अर्ध्या आवर्तनाने चुकल्या.

एकट्याने लेहऱ्यावर वाजवताना ही चूक कधी कुणाला त्रास देत नव्हती. इथे समोरच्या माणसाचं गाणं तिच्यावर अडलं. घरी जाताना ते म्हणाले, "पुढच्या वेळेपर्यंत मला खाली स्वच्छ करायची आहे." मी काहीच सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात वहीतल्या सगळ्या ओळी खालीबद्दल होत्या.

आपण निवडलेल्या कामावर माणूस किती वेगळा राबतो, याचं एक छान उदाहरण ऑस्ट्रेलियात जेम्स रेनविक आणि गॅरी मॅक्फर्सन यांनी २००२ मध्ये मांडलं. क्लॅरिनेट शिकणाऱ्या एका शाळकरी मुलीच्या घरच्या सरावाचं त्यांनी चित्रण केलं. शिक्षकांनी दिलेले तुकडे ती बहुधा सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती वाजवून टाकायची. स्वतः मागून घेतलेली एक धून आली तेव्हा तीच मुलगी थांबून विचार करायला लागली, न फुंकता बोटं बसवून बघायला लागली, अडलेली जागा पुन्हा पुन्हा घ्यायला लागली. हे तिला कुणी नव्याने शिकवलं नव्हतं. आमच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मी तेच होताना पाहिलं. आता साथीतून प्रश्न येतो, तो घरी सुटतो, पुढच्या बैठकीत ऐकू येतो. 'कि'चा प्रश्न मी शोधून दिला होता. खालीचा त्यांनी स्वतः आणला, आणि त्याच्यावर घातलेला वेळ त्यांना जाणवलासुद्धा नाही.

मला माहीत आहे की आमच्यातले काही जाणकार या सगळ्याकडे नापसंतीने बघतील. तबल्याच्या परंपरेत चिल्ला आहे, चाळीस दिवस जगापासून बाजूला होऊन केलेला रियाज, आणि त्यातून तयार झालेल्या हातांपुढे माझं मस्तक नम्र होतं. कंटाळा सोसणं हाही त्या तपाचा भाग असतो. पण ते तप करणाऱ्याच्या आयुष्यात तबला हेच सगळं असतं, आणि कंटाळ्याच्या पलीकडे काय आहे ते त्याने गुरूच्या हातातून रोज ऐकलेलं असतं. दिवसाची २५ मिनिटं हाताशी असलेल्या माणसाला तोच दंडक लावला तर तो तबल्यापासूनच तुटतो. मला तो तबल्याजवळ हवा आहे.

सध्याची स्थिती

हे लिहिताना आखणी बदलून आठ महिने झाले आहेत. आठवड्यातून पाच दिवस बैठक होते, कधी चार. तिसरा पलटा ११० ला स्वच्छ येतो, १२० ला अजून कधीमधी घसरतो. कंटाळ्याचे दिवस येतात. अशा दिवशी ते मधला भाग गाळून फक्त ठेका वाजवतात, आणि ते मला पूर्ण मान्य आहे. गायिकेबरोबरच्या बैठका पंधरवड्याला एकदा होतात आणि त्यांत आता एक संवादिनीवादकही आले आहेत. लेहरा फोनवरून न येता माणसाकडून येऊ लागल्यावर लय धरण्याची गणितं पुन्हा बदलली आहेत. माणूस किंचित मागे-पुढे होतो, त्याला सांभाळून घ्यावं लागतं, आणि हा नवा अभ्यास त्यांना फार आवडतो आहे.

२५ मिनिटांची ४० करावीत का, असं त्यांनी गेल्या आठवड्यात विचारलं. मी अजून हो म्हटलेलं नाही. गायिकेने पुढच्या बैठकीसाठी रूपकातली बंदिश निवडली आहे. सात मात्रांच्या या तालात समेवरच खाली असते, म्हणजे पहिल्याच मात्रेला डग्गा गप्प ठेवायचा. ज्या हाताने खाली स्वच्छ करायला एवढे महिने घेतले त्याला ते किती लवकर जमतं ते आधी ऐकू, मग वेळेचं ठरवू, असं आमचं बोलणं झालं आहे.